बर्किट्सव्हिलची दुसरी चेटकीण

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बर्किट्सव्हिल नावाचे एक खेडे आहे. वस्ती दोनशेच्या आतबाहेर. एक मुख्य रस्ता, शेजारी शेजारी उभी दोन चर्च आणि मागे साउथ माउंटनची डोंगररांग. १४ सप्टेंबर १८६२ रोजी या डोंगरातल्या क्रॅम्प्टन खिंडीत यादवी युद्धातली एक लढाई झाली, आणि खाली गावातल्या चर्चमध्ये जखमी सैनिकांना आणून ठेवले गेले. खिंडीत आज एक उंच, काहीशी विचित्र दिसणारी दगडी कमान उभी आहे. जॉर्ज आल्फ्रेड टाउनसेंड या पत्रकाराने १८९६ मध्ये ती उभारली. यादवी युद्धाच्या बातम्या आणि चित्रे रणभूमीवरून पाठवणाऱ्या वार्ताहरांचे व चित्रकारांचे ते स्मारक आहे.

१९९९ च्या उन्हाळ्यात या खेड्यात परक्या माणसांची रीघ लागली. त्यांना लढाईशी काही घेणे नव्हते, कमानीशी तर नव्हतेच. ती माणसे चेटकीण शोधायला आली होती. गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या, दफनभूमीत रात्रीबेरात्री कॅमेरे फिरू लागले. या गावाचे पूर्वीचे नाव ब्लेअर होते आणि अठराव्या शतकात इथे एका बाईला चेटकीण ठरवून हाकलून दिले होते, असे लोकांना सांगितले गेले होते. त्यातले काहीही घडलेले नव्हते. गाव खरे होते, बाकी सगळा इतिहास एका चित्रपटासाठी रचलेला होता.

त्या चित्रपटाबद्दल, म्हणजे ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’बद्दल, पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या दुसऱ्या भागाबद्दल. ‘बुक ऑफ शॅडोज : ब्लेअर विच २’ हा २००० साली आलेला चित्रपट पडला, समीक्षकांनी त्याला झोडपले, पहिल्या चित्रपटाच्या भक्तांनी तो आपला मानलाच नाही. वर्षातला सर्वांत वाईट पुनर्निर्मित किंवा उत्तरभाग-चित्रपट म्हणून त्याला रॅझी हा उपहासाचा पुरस्कारही मिळाला. इतक्या सर्वमान्य अपयशाकडे पुन्हा कशाला वळायचे, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर एका खटल्यात आहे, आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी पहिल्या चित्रपटाविषयी थोडे सांगायला हवे. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन तरुण दिग्दर्शकांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत तो चित्रित केला. बांधीव संवाद नव्हते, फक्त कथेचा आराखडा होता. हेदर डॉनह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स या तिघा नटांच्या हातातच कॅमेरे दिलेले होते. त्यांनी आपली खरी नावे वापरली. दिवसागणिक त्यांचे खाणे कमी केले जाई, रात्री तंबूबाहेर आवाज काढले जात. कथा एवढीच, की तीन विद्यार्थी एका चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात जातात आणि परतत नाहीत. वर्षभराने त्यांच्या चित्रफिती सापडतात. चेटकीण पडद्यावर एकदाही दिसत नाही.

जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात आर्टिझन या वितरण कंपनीने तो सुमारे ११ लाख डॉलरना विकत घेतला. मग इंटरनेट आजच्यासारखे घरोघरी नव्हते त्या काळात एक संकेतस्थळ गाजले. तिथे पोलिसांची म्हणून छायाचित्रे होती, हरवलेल्या विद्यार्थ्यांची माहिती होती. ‘बेपत्ता’ अशी भित्तिपत्रके लागली, दूरचित्रवाणीवर चेटकिणीच्या इतिहासाचा एक खोटा माहितीपट दाखवला गेला. हेदर डॉनह्यूच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. मुलगी घरी जिवंत होती. जगभरात चित्रपटाने २४ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमवला.

मी तो २००१ मध्ये पाहिला. हैदराबादला शिकत होतो, खोलीतल्या एका मित्राने भाड्याने सीडी आणल्या होत्या, दोन्ही भाग एकाच पिशवीत. पहिला संपला तेव्हा खोलीत कोणी बोलेना. मग एकाने विचारले, “हे खरंच झालं होतं का रे?” आम्हाला उत्तर माहीत होते, तरी कोणी पटकन ‘नाही’ म्हणाले नाही. मग दुसरा भाग लावला. अर्ध्या तासात हसणे सुरू झाले. कोणी चहाला उठले ते परत आलेच नाही. त्या रात्री त्या चित्रपटाबद्दल माझे मत ठरले आणि पुढची दहा वर्षे ते तसेच राहिले.

ते बदलले ते एका माहितीपटामुळे. त्याचे नाव ‘पॅरडाइज लॉस्ट : द चाइल्ड मर्डर्स ॲट रॉबिन हूड हिल्स’. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की यांनी तो १९९६ मध्ये केला. पाहून झाल्यावर श्रेयनामावलीत बर्लिंजरचे नाव वाचले आणि लक्षात आले, की हैदराबादच्या खोलीत आम्ही ज्याला हसलो तो दुसरा भाग याच माणसाने दिग्दर्शित केला होता.

५ मे १९९३ रोजी आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिस गावातून आठ-आठ वर्षांची तीन मुले नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचे मृतदेह एका नाल्यात सापडले. महिन्याभरात तीन किशोरवयीन मुलांना अटक झाली : डेमियन एकल्स, जेसन बाल्डविन आणि जेसी मिसकेली. भौतिक पुरावा जवळजवळ नव्हता. होता तो मिसकेलीचा कबुलीजबाब. बुद्धीने मंद म्हणावा अशा या मुलाची कित्येक तास चौकशी झाली होती, आणि त्यातला थोडाच भाग ध्वनिमुद्रित केलेला होता. शिवाय एकल्सचे राहणीमान होते. तो काळे कपडे घाली, मेटॅलिकाचे संगीत ऐके, स्टीफन किंगची पुस्तके वाची आणि ‘विका’ या आधुनिक निसर्गपूजक पंथात त्याला रस होता. फिर्यादी पक्षाने सैतानपूजेचा जाणकार म्हणून एक साक्षीदार उभा केला. त्याची डॉक्टरेट टपालाने मिळालेली होती, हे उलटतपासणीत उघड झाले. तरीही १९९४ मध्ये ज्युरीने तिघांना दोषी ठरवले. एकल्सला मृत्युदंड झाला, इतर दोघांना जन्मठेप.

बर्लिंजर आणि सिनॉफ्स्की तिथे गेले तेव्हा ही पोरे गुन्हेगारच आहेत असे गृहीत धरून गेले होते. खुनी किशोरांवर माहितीपट करायचा होता. न्यायालयात कॅमेरा लावून बसल्यावर त्यांचा विश्वास डळमळला. आपल्यासमोर पुरावा मांडला जात नसून एक गोष्ट सांगितली जात आहे, आणि गाव ती गोष्ट ऐकायला आधीपासूनच तयार आहे, हे त्यांना दिसू लागले. माहितीपट पाहून देशभर लोक जागे झाले, पैसा उभा राहिला, वकील मिळाले. तिघे सुटले ते मात्र १९ ऑगस्ट २०११ रोजी, १८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर. तेही निर्दोष म्हणून नव्हे, तर एका कायदेशीर तडजोडीने : आम्ही निर्दोष आहोत असे म्हणत राहायचे, पण दोषी ठरवण्याइतका पुरावा सरकारपाशी आहे हे मान्य करायचे.

आता १९९९-२००० कडे परत येऊ. पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर आर्टिझनला पुढचा भाग ताबडतोब हवा होता. मायरिक आणि सांचेझ यांना थांबायचे होते. कंपनी थांबली नाही आणि तिने बर्लिंजरला बोलावले. त्याने तोवर एकही कथापट दिग्दर्शित केलेला नव्हता. डेमियन एकल्स तेव्हा मृत्युदंडाच्या कोठडीत होता, आणि त्याच खटल्यावरचा बर्लिंजर-सिनॉफ्स्कींचा दुसरा माहितीपट २००० मध्येच प्रदर्शित झाला.

अशा माणसाला ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये काय दिसले असेल? हलता कॅमेरा, धुरकट व्हिडिओ, खरी नावे आणि त्यावर विश्वास ठेवणारे लाखो लोक. माहितीपटाची सगळी लक्षणे उसनी घेऊन एक बनावट गोष्ट खरी म्हणून खपवली गेली, आणि लोकांना ती खपवून घ्यायला आवडली, ही गोष्ट त्याला खुपत होती. पहिल्या चित्रपटाची नक्कल करायचे त्याने नाकारले. त्याने ठरवले, की दुसरा भाग पहिल्या चित्रपटाच्या प्रेक्षकांविषयी असेल.

म्हणून ‘बुक ऑफ शॅडोज’ सुरू होतो तो वृत्तवाहिन्यांच्या तुकड्यांनी. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ नावाचा चित्रपट येऊन गेला आहे आणि बर्किट्सव्हिलमध्ये पर्यटक धुमाकूळ घालताहेत. जेफ नावाचा, पूर्वी मनोरुग्णालयात राहिलेला एक तरुण चेटकिणीच्या जागा दाखवायची सहल काढतो. बरोबर चौघे येतात : चेटकिणीवर पुस्तक लिहिणारे एक जोडपे, विका पंथाची एक मुलगी आणि काळ्या कपड्यांतली, पुढचे कळते म्हणणारी दुसरी एक. म्हणजे वेस्ट मेम्फिसच्या ज्युरीने ज्यांच्याकडे संशयाने पाहिले असते अशा दोघी त्यात आहेतच. रात्री जंगलातल्या एका पडक्या घराच्या जोत्यावर ते मुक्काम करतात, दारू पितात, आणि सकाळी उठतात तेव्हा रात्रीचे पाच तास कोणालाच आठवत नाहीत. कॅमेरे फुटलेले, पुस्तकाच्या कागदांच्या चिंध्या झालेल्या. चित्रफिती मात्र जोत्याखाली पुरलेल्या सापडतात. पुढे सगळा चित्रपट त्या फिती पुन्हा पुन्हा लावून पाहण्यात जातो. चित्रपट खोटे बोलतो, पण व्हिडिओ कधी बोलत नाही, अशा अर्थाचे एक वाक्यही त्यात आहे.

शेवटी पोलीस जगल्या-वाचलेल्या तिघांना चित्रफिती दाखवतात. त्यांत ही माणसे स्वतः खून करताना दिसतात. आपल्यातल्या ट्रिस्टनला चेटकिणीने झपाटले होते, ती आपल्याला चिथावत होती, असे त्यांना आठवते. फितीत दिसते ते निराळेच : ती घाबरलेली आहे आणि हे तिच्यावर तुटून पडले आहेत. तिघे ओरडत राहतात, की असे झालेच नव्हते. मग खरे काय? चेटकिणीने फिती बदलल्या, की या लोकांनी चेटकिणीच्या गोष्टीच्या नशेत माणसे मारली?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. चेटकिणींच्या सगळ्या इतिहासाचा गाभा तोच आहे. १६९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये १९ जणांना फाशी दिली गेली, एकाला दगडांखाली चिरडले गेले. तिथल्या न्यायालयाने ग्राह्य धरलेल्या पुराव्यात एक प्रकार असा होता, की आरोपीची छायाकृती येऊन आपल्याला छळते असे पीडिताने सांगायचे. ती छाया फक्त सांगणाऱ्यालाच दिसे. आरोपी त्या वेळी दुसरीकडे होती, हे सिद्ध करूनही उपयोग नसे. ‘मला दिसले’ याला उत्तर नव्हते. सेलमपासून वेस्ट मेम्फिसपर्यंत तीनशे वर्षांचे अंतर आहे, पण ‘आम्हाला ठाऊक आहे हे कोणी केले’ ही खात्री दोन्हीकडे पुराव्याच्या आधी आली.

मग चित्रपट फसला का? याचे एक उत्तर बर्लिंजरने स्वतः दिले आहे. त्याच्या सांगण्यानुसार चित्रपट पूर्ण झाल्यावर कंपनीला तो पुरेसा भयंकर वाटला नाही. रक्तपाताची दृश्ये नव्याने घेऊन मध्ये मध्ये पेरण्यात आली. शेवटी सलग येणारा पोलीस चौकशीचा प्रसंग तुकडे करून चित्रपटभर पसरवला गेला. सुरुवातीला त्याने फ्रँक सिनात्राचे एक हलकेफुलके गाणे योजले होते, तिथे मॅरिलिन मॅन्सनचे कर्कश गाणे आले. वरवर पाहता हे किरकोळ फेरफार वाटतील. पण खून पहिल्यापासून झळकताना दिसले, की शेवटच्या प्रश्नातला जीवच जातो. बर्लिंजरला प्रेक्षकाला शंकेत ठेवायचे होते. नव्या संकलनाने त्याला निकाल आधीच सांगून टाकला. आणि काळे कपडे व कर्कश संगीत यांच्या जोरावर एका पोराला मृत्युदंड झाल्याचे ज्याने चित्रित केले, त्याच्याच चित्रपटाच्या आरंभी तेच संगीत भीतीची खूण म्हणून वाजले.

नावाचेही तसेच. ‘बुक ऑफ शॅडोज’ म्हणजे विका पंथीयांची विधी-नोंदींची वही. चित्रपटात अशी वही कुठेच नाही. ज्या पंथाचे नाव न्यायालयात भीती घालायला वापरले गेले, त्याचाच एक शब्द इथे तिकिटे खपवायला वापरला गेला.

२७ ऑक्टोबर २००० रोजी, पहिल्या भागानंतर जेमतेम सव्वा वर्षाने, चित्रपट प्रदर्शित झाला. दीड कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात पावणेपाच कोटींच्या आसपास मिळवले. हिशेबाच्या भाषेत तो बुडाला नाही. पण मालिका तिथेच थांबली. २०१६ मध्ये तिसरा चित्रपट आला तो दुसरा जणू झालाच नाही असे धरून.

सगळा दोष कंपनीचा म्हणणे सोयीचे आहे, पण ते मला पटत नाही. मी तो पुन्हा पाहिला तेव्हाही नटांचा अभिनय ताठर वाटला, संवाद पुस्तकी वाटले. पहिल्या चित्रपटात नट खरेच भुकेले, थकलेले आणि चिडलेले होते. इथे भीतीचा सराव केलेला दिसतो. त्याहून मोठी अडचण वेगळी होती. प्रेक्षक पुन्हा फसायला आला होता, आणि दिग्दर्शक त्याला सांगत होता, की फसणे वाईट असते. जादूगाराच्या खेळाला आलेल्या माणसाला भोळेपणावर व्याख्यान ऐकवावे, तसे ते झाले. व्याख्यान बरोबर होते, पण ऐकणारे त्यासाठी आलेच नव्हते. आम्हीही त्या खोलीत त्यासाठी बसलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट बर्लिंजरच्या विरोधात नोंदवायला हवी. वेस्ट मेम्फिसवरच्या त्याच्या दुसऱ्या माहितीपटात संशयाचा रोख मेलेल्या मुलांपैकी एकाच्या सावत्र वडिलांकडे वळतो. तो माणूस मोठ्याने बोलणारा, कॅमेऱ्यापुढे विचित्र वागणारा. पाहणाऱ्याला वाटते, खुनी असाच असणार. म्हणजे एकल्सविरुद्ध जो न्याय लावला गेला होता, तोच इथे लावला गेला. पुढे त्याच गृहस्थांनी तिघे तरुण निर्दोष आहेत असे जाहीरपणे सांगितले. चित्रफितीवर विसंबू नका असे बजावणाऱ्यालाही चित्रफितीचा मोह आवरला नव्हता. मला यात त्याचा खोटेपणा दिसत नाही. हा मोह किती बळकट आहे, ते दिसते.

तो आता अमेरिकेपुरता राहिलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी माणसे ती. मुले पळवणारी टोळी समजून त्यांना मारले गेले. त्या महिन्यांत देशभर मोबाइलवरून मुले पळवल्याच्या चित्रफिती फिरत होत्या. त्यांतली एक कराचीतली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मूळ फितीत ते मूल लगेच परत आणून सोडतात आणि मुलांना जपा असा फलक दाखवतात, कारण ती जनजागृतीसाठी केलेली होती. कोणीतरी शेवटचा भाग कापला. एवढ्याशा संकलनाने सावधगिरीचा संदेश अफवेचा पुरावा होऊन बसला.

ही बातमी वाचली तेव्हा मला तो पडलेला चित्रपट आठवला. त्यातली माणसेही चित्रफीत पुढे-मागे फिरवत बसतात आणि शेवटी त्यांच्यातल्याच एकीला चेटकीण ठरवून मारतात. २००१ मध्ये मला ते हास्यास्पद वाटले होते. चेटकीण दिसत नाही, भीती वाटत नाही, अशी आमची तक्रार होती. भीती होती, आम्ही ती जंगलात शोधत होतो आणि चित्रपट ती चित्रफीत पाहणाऱ्यांच्या खोलीत दाखवत होता. तो चांगला चित्रपट आहे असे मी आजही म्हणणार नाही. फसलेल्या चित्रपटातही खरी काळजी असू शकते, एवढेच म्हणेन.

पहिल्या चित्रपटातल्या तिघा नटांनी २०२४ मध्ये जाहीर पत्र काढून आपल्या कामाचा न्याय्य मोबदला मागितला. त्यांची खरी नावे वापरून त्यांना मृत ठरवले गेले होते, आणि त्या मृत्यूची कमाई दुसऱ्यांकडे गेली होती. हेदर डॉनह्यूने तर आपले नावच बदलले. आता ती रे हान्स या नावाने राहते.

बर्किट्सव्हिल अजून आहे. वरच्या खिंडीत वार्ताहरांची कमानही आहे. चेटकिणीच्या मागे आलेल्यांपैकी किती जण तिथपर्यंत चढले असतील, कोण जाणे. गावापासून ती फार लांब नाही.